जोडीदार समान बेल्टचा असावा

विषय : लग्नाला सत्तावीस वर्षे झालेल्या पत्नीचा अधिकृत जोडीदार होण्यासाठी थेट केशरी बेल्ट मिळणेबाबत.

संदर्भ : १) संस्थेची नियमावली, पाने चौदा, पैकी पाचवे वाचता येत नाही. २) नानासो.

मी मुजीब. साताऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बढतीच्या फायली चालवल्यामुळे साधी गोष्ट साधेपणानं सांगायची माझी सवय मोडली आहे. तेव्हा जे घडलं ते अटींच्या क्रमानं सांगतो. क्रम थोडा पुढेमागे होईल, कारण मी अटी ज्या क्रमानं मोडल्या तो नियमावलीचा क्रम नव्हता. हा कागद माझ्या पत्नीनं तपासलेला आहे. फरीदा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका असल्यामुळे हातात आलेला कागद तपासल्याशिवाय तिला परत करता येत नाही. तिचे शेरे जसेच्या तसे ठेवले आहेत. ही अट तिची.

अट १ : प्रवेशास वयाची मर्यादा नाही.

डॉक्टरांनी फरीदाला साखरेसाठी रोज चालायला सांगितलं. चार दिवस चालून पाचव्या दिवशी ती म्हणाली की नुसतं चालण्यात पोचायला कुठं नसतं. आणि तिनं कराटेचा वर्ग लावला. वय पन्नास. आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, भांडताना मात्र मराठीवर येतो, कारण तिची मराठी शाळेतली आहे आणि त्यामुळे ती जिंकते. या प्रश्नावर आम्ही तीन दिवस मराठीत बोललो. शेवटी असं ठरलं की तिनं कराटे करायचं आणि मी तिला स्कूटरवरून सोडायचं-आणायचं.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या भोजनगृहात भरतो. चालवतात सुभेदार हंबीरराव. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांना सगळे सर म्हणतात. लग्नाचा मुहूर्त असेल त्या दिवशी वर्ग नसतो, म्हणून संस्थेचं वेळापत्रक पंचांगाला बांधलेलं आहे. चातुर्मासात कराटे जोरात असतं. तुळशीचं लग्न लागलं की थंडावतं. जपानमध्ये याची कल्पना असेल असं वाटत नाही.

मी बाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचायचो. पाचेक महिन्यांनी एक दिवस सर दारात आले आणि म्हणाले, "मुजीबभाई, बाहर बैठके क्या करते हो? संत्रीची ड्यूटी आहे का? आत या." फौजी माणसाचं "आत या" हा हुकूम असतो. मी आत गेलो तेव्हा पेपर वाचणारा होतो, बाहेर आलो तेव्हा पांढऱ्या बेल्टचा होतो. तोपर्यंत फरीदा पिवळा ओलांडून केशरीवर पोचायला आली होती.

अट ३ : खालच्या बेल्टने वरच्या बेल्टला प्रथम मान तुकवावी. भेट कुठेही झाली तरी.

"कुठेही" हा शब्द कुणी घातला ते मला माहीत नाही. मसुदा लिहिताना असे शब्द टाळायचे असतात. कारण "कुठेही"मध्ये आमचं स्वयंपाकघर येतं. सकाळी सहाला मी डोळे चोळत चहाला जायचो आणि ओट्यापाशी केशरी बेल्ट उभा असायचा. मी मान तुकवायचो, मग चहा यायचा.

*शेरा : चहा अडवला नव्हता. गाळायला वेळ लागत होता. — फ.*

"कुठेही"मध्ये मंडईसुद्धा येते. एका रविवारी ती टोमॅटो निवडत होती आणि मी कोथिंबिरीची जुडी घेऊन समोरून आलो. सवयीनं दोन्ही हात मांडीला लावून कमरेत वाकलो. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीवर चार मिरच्या जास्त टाकल्या. म्हणाल्या, "आमच्या मालकांना बी असलं कायतरी शिकवा."

अट ७ : जोडीदार समान बेल्टचा असावा.

इथून गोष्ट सुरू होते. आधीच्या अटी मी अनुभव म्हणून सांगितल्या.

वर्गाच्या शेवटची वीस मिनिटं जोडीनं सराव असतो. एकानं मनगट धरायचं, दुसऱ्यानं ते सोडवून धरणाऱ्याला जमिनीवर पाडायचं. जोडी एकाच रंगाची लागते. केशरी रांगेत माणसं दोन, फरीदा आणि नानासो. नानासो बासष्ट वर्षांचे, कोरेगावच्या बाजूचे ऊसवाले शेतकरी. दोन वर्षं केशरीवरच आहेत, कारण ऊस कारखान्याला गेला की त्यांची हजेरी तुटते. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस मी पांढऱ्या रांगेत नऊ वर्षांच्या मुलीबरोबर उभा असायचो आणि समोर नानासो माझ्या बायकोचं मनगट धरून उभे असायचे. ती त्यांना आपटायची आणि ते खालून म्हणायचे, "वा वैनी, लय भारी."

मला राग आला नाही. मला नियमावलीत त्रुटी दिसली.

*शेरा : राग आला होता. स्कूटर दोन दिवस तिसऱ्या गिअरमध्ये सुरू करत होते. — फ.*

सत्तावीस वर्षं रेशनकार्डावर, विम्यावर, लग्नपत्रिकांच्या पाकिटावर माझं नाव तिच्या शेजारी आहे. पण भोजनगृहाच्या फरशीवर मी तिचा जोडीदार व्हायला अपात्र. हे मी गप्प सोसलं असतं. पण एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "हिरव्याच्या परीक्षेला तुम्ही जोडीला असतात तर बरं झालं असतं. नानासो मी ओढायच्या आधीच पडतात." आणि तिनं वरण वाढून घेतलं. तिला वाटलं ती नानासोंबद्दल बोलली. मी मात्र भाताचा घास तसाच धरून बसलो. मी असतो तर बरं झालं असतं, असं तिनं माझ्याबद्दल याआधी एकदाच म्हटलं होतं आणि तेव्हा गॅसचा सिलिंडर वर चढवायचा होता.

परीक्षेला सहा आठवडे होते. दोन बेल्टांमध्ये किमान तीन महिने आणि छत्तीस वर्ग लागतात. मी पांढरा. पुढचा पिवळा. केशरी त्याच्याही पुढे. सरळ मार्गानं मी तिथं पोचेन तेव्हा ती आणखी पुढं गेलेली असेल. मी आयुष्यात पहिल्यांदा नियमावली उघडली. स्वतःसाठी, म्हणजे.

अट ११ : (पान पाचवे)

नियमावली झेरॉक्सची झेरॉक्स करत इथवर आलेली आहे. पाचव्या पानावर आता एक राखाडी ढग आहे आणि त्यातून तीन शब्द वर आलेले आहेत. "पूर्वानुभव", "समकक्ष" आणि "दाखला". दुसऱ्या कुणाला यातून काही कळलं नसतं. आस्थापना लिपिकाला तीन शब्द पुष्कळ झाले. मी रीतसर अर्ज केला.

सरांनी अर्ज उभ्यानं वाचला. पाचवं पान त्यांना पाठ आहे म्हणाले. पारंपरिक विद्येचा पूर्वानुभव असल्यास वस्तादाचा दाखला आणावा, एक बेल्ट माफ. मग विचारलं, अनुभव कसला? मी सांगितलं, मोहरमचा आखाडा, सलग सात वर्षं. हे शंभर टक्के खरं होतं. आखाड्यात मी काय करत होतो हे त्यांनी विचारलं नाही आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये असं आमच्या खात्याचं परिपत्रकच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर वीरधवल राहतात. एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत आणि ज्या विषयात त्यांना काही माहिती नाही असा विषय अजून निघायचा आहे. ते जिना उतरता उतरता म्हणाले की दाखला नुसता आणू नका, खेळाडू कोट्यातून आणा. पुन्हा वर जाताना म्हणाले की आधी माहितीच्या अधिकारात पाचवं पान मागा. मी मागितलं. पाच दिवसांनी संस्थेकडून उत्तर आलं, "पान क्र. ५ सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. जय हिंद."

मग मी आटपाडीला निघालो.

अट ५ : संस्थेच्या कोणत्याही कामासाठी गणवेशात जावे.

तेव्हा एसटीत पांढरा झगा, पांढरी विजार, पांढरा बेल्ट. कराडपर्यंत शेजारचा माणूस मला कुठल्यातरी आश्रमाचा समजून पायाशी बॅग ठेवायला संकोचत होता. विट्याला एका आजींनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितला. ठेवला. नाही म्हणण्यात जास्त वेळ गेला असता.

अट ११ : (चालू)

आटपाडीजवळ आमचं गाव. तिथं मोहरम साऱ्या गावाचा. ताबुतापुढं लाठी आणि दांडपट्टा खेळतात आणि वस्ताद आहेत आप्पासो, वय एक्याऐंशी. आखाड्याचा शेवटचा खेळ म्हणजे काकडी. एकानं उघड्या पोटावर काकडी ठेवून उताणं पडायचं. वस्तादानं डोळ्याला फडकं बांधून तलवारीच्या एका वारात काकडीचे दोन तुकडे करायचे आणि पोटाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. वयाच्या विसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्यापर्यंत ज्याच्या पोटावर काकडी असायची तो मी. लग्न झालं आणि फरीदानं काकडी कोशिंबिरीपुरती ठेवली.

आप्पासो तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी मला खालून वर आणि मग फक्त मधे पाहिलं.

"इमामचा मुजीब व्हय रं तू? लय फुगलास की गड्या."

मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखला दीन की. पन तालीम नुस्ता कागद देत न्हाई. हात बगून देती. आन तुजा हात कुटं हुता? तुजं प्वाट हुतं. मंग प्वाट बगून दीन."

मी म्हटलं, वस्ताद, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे असं ऐकलं. गुरुवारी ऑपरेशन आहे म्हणे.

"आरं, फडकं बांधूनच मारायचंय," आप्पासो म्हणाले. "मंग आत मोतीबिंदू असंना न्हाईतर हिरा असंना."

मी तालमीच्या तांबड्या मातीत झगा उघडून उताणा पडलो. तोवर निम्मं गाव जमलं होतं. पोटावर काकडी ठेवली. ती घरंगळून डावीकडे पडली. पुन्हा ठेवली. उजवीकडे पडली. सत्तावीस वर्षांपूर्वी माझं पोट सपाट होतं, ही गोष्ट माझ्यासह सगळ्यांना त्या क्षणी एकदम आठवली.

मग गावाची सभा भरली. माझ्या पोटाभोवती. कुणी म्हणालं वांगं ठेवा, देठाकडनं बसतंय. वांगं बसलं नाही. कुणी दुधी भोपळा आणला, तो इतका मोठा होता की पुढचं मला दिसेना. ग्रामपंचायतीच्या शिपायानं अर्धा कांदा पालथा ठेवायची सूचना केली, त्यावर वस्ताद म्हणाले की कांदा कापायला तलवार कशाला, बायका हसतील. एकजण म्हणाला की पोट थोडं आत घ्या. मी घेतलं होतंच. मनुबाई नावाची माझी लांबची आत्या कडेला डाळिंबाची पाटी घेऊन उभी होती. तिनं काही न बोलता एक मोठं डाळिंब उचललं आणि माझ्या बेंबीत ठेवलं. ते बसलं. जणू त्या मापानंच ती जागा इतकी वर्षं तयार होत आली होती.

आप्पासोंनी फडकं बांधलं. दोन पावलं मागं गेले. मी आभाळाकडं पाहत होतो आणि फरीदाला हिरवा मिळायलाच हवा, एवढंच मनात आणत होतो. पोट सोडून दुसरं काहीतरी मनात असावं म्हणून.

*शेरा : हे मला सांगितलं नव्हतं. — फ.*

वारा आला. आवाज आला. डाळिंबाची दोन सारखी भकलं मातीत पडली. पोटावर ओरखडा नव्हता. फक्त आटपाडीच्या पाण्यावर वाढलेल्या त्या डाळिंबाचा सगळा रस माझ्या झग्यावर, विजारीवर आणि बेल्टवर होता. गाव टाळ्या वाजवत होतं. आप्पासोंनी फडकं सोडून विचारलं, "मेला न्हाई न्हवं?"

तालमीला छापील कागद नाही. आप्पासो पूर्वी दूध संस्थेचे चेअरमन होते, म्हणून दाखला दूध संकलनाच्या पावतीवर लिहिला गेला. तो असा :

दूध प्रकार : गाय / म्हैस ✓
फॅट : भरपूर
दाखला देण्यात येतो की, मुजीब इमाम हा इसम सात वर्षे आखाड्यात उताणा पडून होता. एकदाही हलला नाही. आज रोजी पुन्हा पाडून बघितला. हलला नाही. वर्तणूक चांगली.
— आप्पासो वस्ताद, माजी चेअरमन

म्हशीवर खूण कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अट ५ : (पुन्हा, कारण परत यायचं होतं)

परतीच्या एसटीत मला पाहताच पाच जणांनी उठून जागा दिली. एका बाईंनी तोंडाला पदर लावला. कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गाडी विट्याच्या अलीकडं एका पोलीस चौकीसमोर थांबली. हवालदार सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लिहायला घेतलं. मी खोटं बोलत नाही. त्यामुळे काम अवघड झालं.

"कशानं मारलं?"

"तलवारीनं."

"कोणी?"

"वस्तादांनी. पण ते चांगले आहेत. डोळे बांधलेले होते."

हवालदारांनी पेन थांबवलं. "भांडण कशावरून?"

"भांडण नाही. मीच मारा म्हणालो. मला केशरी बेल्ट पाहिजे."

पुढच्या वीस मिनिटांत मी ग्रामीण रुग्णालयात होतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी झगा बाजूला केला, पोट दाबलं, बोट वासाला लावलं आणि अहवालावर लिहिलं : "जखम नाही. डाळिंब." हवालदारांनी त्याची एक प्रत ठेवून घेतली, एक मला दिली, वर गोल शिक्का. मी सवयीनं पोहोच घेतली. फरीदाला फोन करून सगळा प्रकार सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

*शेरा : गप्प नव्हते. फोन हातानं झाकून हसत होते. नंतर मात्र दार लावून बसले होते थोडा वेळ. — फ.*

अट ९ : परीक्षेच्या ठिकाणी शांतता राखावी.

सरांनी परीक्षेसाठी पंचांग तीन वेळा पाहिलं होतं. त्या रविवारी मुहूर्त नव्हता. पण आपल्याकडं मुहूर्त नसला की काढीव मुहूर्त असतो आणि मंगल कार्यालयाच्या मालकानं तो कुणाला तरी काढून दिला होता. आम्ही पोचलो तेव्हा वर हॉलमध्ये मंगलाष्टकं चालू होती. मालक म्हणाले, भोजनगृह दोन पंगतींच्या मध्ये अर्धा तास तुमचं. सर म्हणाले, "दुश्मन के इलाके में भी परेड होती है."

आम्ही बावीस जण पांढऱ्या गणवेशात भिंतीला रांग करून उभे राहिलो. पंगत बसली. पहिल्याच मिनिटाला एका पाहुण्यांनी मला हात करून मसालेभात मागितला. मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "मना नहीं करना. बुजुर्ग आहेत." झालं. ज्याला जे भांडं जवळ होतं ते त्यानं उचललं. मी मसालेभात वाढला, फरीदानं कोशिंबीर आणि नानासोंनी जिलेबी, त्यातली पंगतीला पोचली ती थोडी. एका पाहुण्यांनी माझ्या झग्यावरचे न निघालेले तांबडे डाग पाहून विचारलं, कटाची आमटी सांडली का? मी हो म्हणालो. एवढं एकच खोटं या सगळ्या प्रकरणात मी बोललो.

परीक्षक सांगलीहून आल्या होत्या. संयोगिता मॅडम, काळा बेल्ट, चेहऱ्यावर एकही रेघ इकडची तिकडं होत नाही. त्यांनी माझा दाखला वाचला. मग वैद्यकीय अहवाल वाचला. मग पुन्हा दाखला.

"म्हैस कोण?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की ते छापील आहे.

त्यांनी मला पिवळ्याच्या कवायती करायला लावल्या. त्या मी केल्या. केशरीच्या केल्या. जोर वीस हवे होते, सतरा झाले, तीन पुढच्या वेळी असं त्यांनी लिहून ठेवलं. मग त्या समोर आल्या आणि काही कळायच्या आत त्यांची मूठ माझ्या नाकापासून एका बोटावर येऊन थांबली. मी पाहत राहिलो. पुन्हा एकदा, डाव्या बाजूनं. मी पाहत राहिलो. पंगतीतल्या एका माणसाचा घास मात्र खाली पडला.

"खरंच हलत नाहीत," मॅडम सरांना म्हणाल्या. "द्या केशरी."

मी केशरी बेल्ट बांधून तडक नानासोंसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते आठवडाभर ठरवत होतो. नियमातील तरतुदीस अनुसरून इथून पुढं आपण, वगैरे. पण नानासोंनी मला मिठीच मारली. जिलेबीच्या हातानं.

"सुटलो बगा मुजीबभाई. तीन म्हैनं झालं, कंबर धरून उसाला पानी पाजतोय."

मी म्हटलं, पण तुम्ही तर ओढायच्या आधीच पडत होता.

"व्हय तर," नानासो म्हणाले. "तुमी एकदा नंतर पडून बगा."

अट ७ : (अंमलबजावणी)

हिरव्याच्या परीक्षेला सात वेळा पाडायचं असतं. पडणाऱ्यानं हनुवटी छातीला लावून, तळहाताची थाप फरशीवर मारून, पाठ गोल करून पडायचं. पडणारा चुकला तर पाडणारा नापास. कारण चांगलं पाडणं म्हणजे समोरच्याला न मोडता पाडणं, असं मॅडमनी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या पंगतीची माणसं दारात दाटली होती. वरून नवरा-नवरीही उतरले होते, वाकून बघत.

फरीदा समोर उभी राहिली. बेल्ट सारखे होते, त्यामुळे दोघांनी एकदम मान तुकवली. मी तिचं मनगट धरलं. बांगड्या काढलेल्या होत्या. पुढच्या क्षणी भोजनगृहाचे पंखे माझ्या समोर होते, म्हणजे वर.

नानासोंनी काहीच वाढवून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मला कळलं की ही बाई घरात दळणाचा डबा मला उचलायला का लावते, हा प्रश्न मी कधीतरी विचारायला हवा. तिसऱ्या वेळी मी पडल्या पडल्या हिशेबाला लागलो. माणूस आस्थापनेत असला की आडवा पडूनही नियम वाचतो. ही पास झाली तर हिरवी होईल. मी केशरी. म्हणजे पाच मिनिटांनी मी पुन्हा अपात्र. आटपाडी, तलवार, चौकी, दवाखाना, हे सगळं सात वेळा पडण्यापुरतं. आणि ही नापास झाली तर? तर दोघं केशरी. दर सोमवार, बुधवार, शुक्रवार. नापास करायला फार काही लागत नव्हतं. हनुवटी जरा मागं राहिली, थाप जरा उशिरा पडली, एवढंच. वय चोपन्न. कुणाला शंकाही आली नसती.

चौथ्या वेळी उठलो आणि मनगट धरलं. ते मी जरा सैल धरलं असावं. फरीदानं माझ्याकडं पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते फळ्याकडं तोंड करून ओळखणारी बाई आहे ती.

"काय ठरवताय ते कळतंय मला," ती ओठ न हलवता म्हणाली. मराठीत म्हणाली. "नीट पडा."

मी नीट पडलो. चौथ्यांदा, पाचव्यांदा, सहाव्यांदा. सातव्या वेळी माझी थाप अशी पडली की दारातल्या वाढप्याच्या हातातला पळ्यांचा डबा वाजला. नवरीच्या कुण्या मावशीनं "आगं बया" केलं आणि नवरदेवानं, का कोण जाणे, नवरीपासून एक पाऊल लांब सरकून घेतलं.

मॅडमनी फरीदाला हिरवा बेल्ट बांधला. मी आधी मान तुकवली. मग तिनं.

अट २ : दोन बेल्टांमध्ये किमान तीन महिन्यांचा कालावधी व छत्तीस वर्गांची हजेरी आवश्यक.

हिरव्या रांगेत फरीदा एकटी होती. जोडीच्या सरावाला सरांनी तिला खांब दिला. मंगल कार्यालयाचा मधला खांब, कधी त्याला आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची माळ असायची, कधी कागदी फुलं. ती खांबाला मान तुकवायची आणि सुरू करायची. मला नानासो मिळाले. ते माझं मनगट धरायच्या आधीच पडायचे. सवय लागली की सुटत नाही म्हणाले.

मी एक वर्ग चुकवला नाही. ऑफिसची तपासणी होती त्या दिवशीही फायलींच्या आड गणवेश ठेवून वेळेवर निघालो. राहिलेले तीन जोर भरून काढले. तीन महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या, या वेळी मुहूर्त नव्हता आणि काढीवही नव्हता. मी नानासोंना सात वेळा पाडलं, म्हणजे ते पडले, आणि मला हिरवा मिळाला. बेल्ट बांधताना मी फरीदाकडं पाहिलं नाही, कारण पुढचं नाव मला माहीत होतं.

सरांनी यादी वाचली. "निळ्यासाठी. फरीदा मॅडम."

फरीदा जागची हलली नाही.

सरांनी पुन्हा पुकारलं. ती म्हणाली, "मी अर्ज केलेला नाही, सर."

सर म्हणाले की तीन महिने भरले, हजेरी पूर्ण आहे, नाव आपोआप येतं. शिस्तीचा प्रश्न आहे. बाकीचं बरंच म्हणाले, त्यातलं काही हिंदीत. संयोगिता मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली.

"नियमावलीत किमान तीन महिने लिहिलंय," फरीदा म्हणाली. "कमाल किती ते कुठंच लिहिलेलं नाही."

बावीस वर्षं मी आस्थापनेत काढली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी नियमावली उलटीपालटी केली आणि मिटली.

ती खांबापासून निघाली आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली. मनगट पुढं केलं.

"धरा," ती म्हणाली.